अर्धा लिटर पाण्यात खोली गार होते का?

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा जिन्यातच थांबवलं. "ताई, मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे तो छोटा कूलर होता ना? चांगला आहे का हो? बाळाच्या खोलीत लावावा म्हणतेय." कडेवर सात महिन्यांचं बाळ, त्याच्या मानेच्या वळ्यांत घामोळं उठलेलं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. जिन्यात उभ्या उभ्या काय सांगणार? "आज मागवू नका, रविवारी मी येऊन खोली बघते," एवढं म्हणून मी वर आले. मार्च लागला की हाच प्रश्न मला कॉलेजात, भिशीत, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला जातो. "होते गार" म्हटलं तर खोटं ठरतं आणि "नाही होत" म्हटलं तर अर्धवट राहतं. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहितेय, आकड्यांसकट.

मी एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. २२ वर्षं झाली. मोजायची सवय हाताला लागली आहे, आणि आईच्या खोलीच्या बाबतीत ती कामी आली.

आम्ही धायरीला राहतो, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. आईची खोली दहा बाय अकरा, खिडकी पश्चिमेला, डोक्यावर उघडा स्लॅब. दुपारी दोननंतर ऊन थेट भिंतीवर येतं आणि भिंत रात्री अकरापर्यंत हाताला गरम लागते. आईला दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून कायमचं इकडे आणलं. तिचं वय ७९. अकोल्याचे ४५ डिग्रीचे मे महिने तिने आयुष्यभर काढलेत, पुण्याच्या ३८-३९ चा तिला काय त्रास होणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. पण मागच्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुपारी जेवेनाशी झाली. उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा बाथरूमच्या दारात तोल गेला, नशिबाने मुलगा घरात होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पाणी कमी पडतंय आणि खोली फार तापतेय. उतारवयात तहान नीट कळत नाही, घामही पुरेसा सुटत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकणं शरीराला जमत नाही. खोली गार ठेवा, म्हणाले.

त्याच रात्री मी मोबाइलवर तो छोटा कूलर मागवला. १,८९९ रुपये. टिफिनच्या मोठ्या डब्याएवढा, पुढे निळा दिवा, अर्धा लिटरची टाकी. जाहिरातीत एक बाई तो सुरू करते आणि काही क्षणांत अख्खी खोली निळसर होते. मी घाबरलेली होते. आईचा चेहरा डोळ्यांसमोर होता आणि दोन दिवसांत घरी येणारी एवढी एकच गोष्ट समोर दिसत होती.

आईने डबा उलटसुलट करून बघितला. "याले कूलर म्हणतेत काय व?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर आमचा अकोल्याचा कूलर असणार. पत्र्याचा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या. वडील दर वर्षी होळी झाली की गवत बदलायचे आणि पहिल्या दिवशी घरभर ओल्या गवताचा वास सुटायचा. त्याच्याही आधी, आजोबांच्या वेळी, दारांना वाळ्याच्या ताट्या असायच्या आणि दुपारभर कुणीतरी त्यांच्यावर पाणी मारत असायचं.

मी छोटा कूलर आईच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला. खोली लवकर गार व्हावी म्हणून खिडकी लावली, पडदा ओढला, दार लोटलं आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर आई हॉलमध्ये फरशीवर पदर पसरून पडलेली. "मले कोंडल्यावानी वाटते त्या खोलीत," म्हणाली.

ते वाक्य मला लागलं. मी तिची सोय करून गेले होते आणि ती त्या खोलीतून उठून बाहेर आली होती. दुसऱ्या दिवशी सरांना विचारून लॅबमधले दोन थर्मामीटर आणि एक मोजपात्र आठवड्यासाठी घरी आणलं. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र तपकीर गल्लीतून घेतलं.

पहिला दिवस छोट्या कूलरशिवाय. खिडकी-दार बंद, फक्त पंखा. दुपारी एकला ३५.२ डिग्री, साडेतीनला ३५.६. दुसरा दिवस कूलरसह, बाकी सगळं तसंच. एकला ३५.४, साडेतीनला ३५.१. अडीच तास चालवून खोलीत जो काही फरक पडला तो एवढाच, अर्ध्या डिग्रीच्या आसपास. पण आर्द्रतेचा आकडा २४ टक्क्यांवरून ४१ वर गेला होता. आईला कोंडल्यासारखं का वाटत होतं ते त्या आकड्यात होतं. घाम वाळतो तेव्हा अंग गार पडतं, आणि दमट हवेत तो वाळत नाही. तिला मुळातच घाम कमी येतो. जो थोडा येत होता तोही मी वाळू देत नव्हते.

मग पाणी मोजलं. अडीच तासांत टाकीतलं ३०० मिलिलिटर संपलं होतं, म्हणजे तासाला १२०. इथून पुढचा हिशेब दहावीच्या विज्ञानाचा आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, त्याला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. ३० डिग्रीच्या आसपास १ ग्रॅम पाण्याला त्यासाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. १२० ग्रॅमचे झाले जवळपास ७०,००० कॅलरी, तासाला. विजेच्या भाषेत ८० वॅटच्या आसपास. आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता खोलीत येत असते. म्हणजे हा कूलर पूर्ण जोराने चालला तरी खोलीत बसलेल्या एका माणसाची उष्णतासुद्धा त्याला पुरी उचलता येत नाही. वरचा तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत हे तर हिशेबात धरलेलंच नाही. दीड टनाचा एसी त्याच खोलीतून ५,२०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो.

यात यंत्रात काही बिघाड आहे असं नाही. अर्ध्या लिटर पाण्यात जेवढी ताकद असते तेवढी ते पुरेपूर वापरतं. म्हणून हल्ली कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तासाला पाणी किती पितो तो? जो पाणी पीत नाही तो गार करत नाही. डबा कितीही देखणा असो.

बर्फाचंही सांगते, कारण बर्फ टाकायची सूचना खोक्यावरच छापलेली होती आणि मी तीन दिवस भक्तिभावाने ट्रे रिकामे केले. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, ते पाणी खोलीच्या तापमानाला यायला आणखी ३० धरा. एकूण ११०. तेच पाणी वाळून गेलं तर ५८० घेऊन जातं. बर्फाने तोंडाशी येणारी हवा दीड-दोन डिग्री जास्त गार लागते खरी, पण पाऊण तासात बर्फ संपतो. शिवाय तो बर्फ कुठे तयार झाला? आपल्याच स्वयंपाकघरात. फ्रिज पाण्यातली उष्णता काढून मागच्या जाळीतून घरातच सोडतो, वर मोटरची उष्णता वेगळी. एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवलेली ती उष्णता आहे.

आईला मी हे आकडे वाचून दाखवत होते तेव्हा ती माठातून पाणी घेत होती. भांडं हातात धरून म्हणाली, "माठ कपाटात ठेवशीन तं पाणी थंड होईन काय?"

मी थांबलेच. माठ आपण कुठे ठेवतो? खिडकीत, तिवईवर, जिथे वारा लागेल तिथे. कपाटात कुणी ठेवत नाही. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाऱ्याने वाळतं, आतलं गार होतं. वारा बंद झाला की माठाभोवतीची हवा ओलावते आणि वाळणं थांबतं. मी आईची खोली बंद करून तिचं कपाट केलं होतं, आणि त्या कपाटात माठ ठेवून तो गार का होत नाही म्हणून बर्फ घालत होते.

"हवा जाईन कुठून?" तिने पुढे विचारलं. अकोल्याला कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे तिच्यासाठी चूल पेटवल्यावर धूर जायला जागा ठेवण्याइतकं साधं होतं. आम्ही मुलं एसीची जाहिरात बघून दारं लावायला शिकलो. एसी तीच ती हवा फिरवून तिच्यातली उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर टाकतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर हवेत पाणी घालतो. ती ओली हवा बाहेर गेली पाहिजे आणि तिच्या जागी बाहेरची कोरडी हवा पॅडमधून आत आली पाहिजे. बंद खोलीत पहिल्या पंधरा मिनिटांनंतर कूलर आपणच ओली केलेली हवा पुन्हा पुन्हा ओली करत बसतो.

त्या रविवारी मी आणखी एक प्रयोग केला. तो घरी कुणालाही करता येईल, म्हणून नीट सांगते. दोन सारखे थर्मामीटर घ्यायचे. एकाच्या खालच्या फुग्याभोवती जुन्या धोतराची किंवा मलमलीची पातळ पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधायची आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. पाणी पट्टीतून चढतं आणि फुगा सतत ओला राहतो. दोन्ही थर्मामीटर सावलीत टांगून त्यांच्यासमोर टेबलफॅन लावायचा. मी ते गॅलरीत केलं, दुपारी अडीचला. कोरडा ३८.५ वर स्थिर होता. ओल्याचा पारा उतरायला लागला. ३३, ३०, २७. मुलगा अभ्यास सोडून बघायला आला. २४, २३, मग फार हळू, आणि २१.५ ला थांबला. आम्ही आणखी दहा मिनिटं उभे राहिलो, पंखा जोरात केला, पारा हलला नाही.

त्या ओल्या थर्मामीटरचा आकडा म्हणजे त्या दिवशीची सीमारेषा. पाणी वाळवून हवा याच्या खाली नेता येत नाही, मग कूलर दोन हजारांचा असो की वीस हजारांचा. चांगले जाड पॅड असलेला कूलर या दोन आकड्यांमधलं साधारण ७०-८० टक्के अंतर कापतो. इथे अंतर होतं १७ डिग्री, म्हणजे कूलरमधून २५-२६ ची हवा मिळायला हवी. एप्रिलमधल्या पुण्याच्या दुपारी ही फार मोठी गोष्ट आहे. हाच प्रयोग मी ९ जूनला, मृग लागल्यावर, केला तेव्हा कोरडा ३२.८ आणि ओला २६.६ होता. अंतर सहाचं. तेव्हा कूलर फार तर चार-पाच डिग्री उतरवणार आणि वर चिकचिक देणार. आपल्या आज्या पावसाळ्यात "माठ आता लागत नाही" म्हणून तो उचलून ठेवायच्या, त्यामागे हाच हिशेब आहे.

पुण्याचं बरं हे की मार्च ते मे हवा दुपारची कोरडी असते. इतकी वर्षं हवामान मोजणाऱ्या शहरात राहतो आपण. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं म्हणून आजही शिवाजीनगरच्या त्या चौकाला शिमला ऑफिस म्हणतात. पण बातम्यांत आपण फक्त "आज ३९ डिग्री" एवढंच ऐकतो. शेजारचा आर्द्रतेचा आकडा कूलर घेणाऱ्यासाठी जास्त कामाचा असतो. मुंबईच्या माझ्या नणंदेला मी कूलर कधीच सुचवणार नाही. अकोल्याच्या मामीला एसीची घाई करू नका म्हणेन.

मग आम्ही खरा कूलर आणला. सिंहगड रोडवरच्या दुकानातून, साडेसात हजारांना, ४५ लिटरची टाकी, तिन्ही बाजूंना हनीकोंब पॅड. दुकानदाराने "खोलीत कुठेही ठेवा" म्हटलं होतं. आम्ही तो कुठेही ठेवला नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टँड करून घेतला आणि कूलर गॅलरीच्या बाजूने खिडकीला लावला. तोंड आत, पाठ बाहेर. उरलेल्या फटी नवऱ्याने थर्माकोलने बुजवल्या. आईच्या खोलीचं दार उघडं, पॅसेज मोकळा आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. अगरबत्ती लावून बघितलं. धूर आईच्या पलंगावरून दाराकडे, दारातून पॅसेजमध्ये आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर सरळ ओढला जात होता. ते बघून आईच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते माझ्या लक्षात आहे. "आता झाला कूलर," म्हणाली.

बाहेर ३८.५ असताना दुपारी तीनला खोली २९.८ वर आली. आर्द्रता ५५ टक्के, पण हवा वाहती असल्यामुळे अंगाला चिकटपणा नाही. चार तासांत २० लिटर पाणी टाकावं लागलं, म्हणजे तासाला ५ लिटर. छोट्या डब्याच्या ४० पटींहून जास्त. ही सगळी ताकद खोलीला मिळत नाही, तिचा मोठा भाग बाहेरून येणारी तापलेली हवा गार करण्यात जातो. पण आई त्या दिवशी पलंगावर बसून दोन वाट्या वरणभात जेवली आणि साडेचारपर्यंत झोपली. मी तिच्या पायांशी बसून होते. माझ्यासाठी सगळ्या आकड्यांच्या वर तो दिवस आहे.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर खोलीत पुन्हा तोच दमटपणा, काटा ३१.७ वर आणि आर्द्रता ७६. मुलाने सीईटीच्या अभ्यासाला आवाज नको म्हणून पॅसेजचं दार लावून घेतलं होतं. दार उघडलं आणि वीस मिनिटांत काटा ३० वर आला. त्याच कूलरचा, त्याच पाण्याचा, फक्त एका दाराचा फरक. आता त्या दाराला विटेचा अडसर आहे आणि तो हलवायचा नाही असा घरात नियम आहे.

खरा कूलर घ्याल तर काळजीच्या तीन गोष्टी आहेत आणि त्यांत मी तडजोड करत नाही. पहिली शॉकची. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात. आमच्या गल्लीतच मी लहानपणी एक घर असं उद्ध्वस्त झालेलं पाहिलंय. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि पाणी भरताना बटण नाही, प्लगच काढायचा. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरला हात लावायचा नाही. दुसरी डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, कडा घासून, कोरडी करायची. तिसरी पाण्याची. आमच्या सोसायटीला एप्रिलपासून टँकर लागतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचे आकडे पेपरात वाचत असताना रोजचे २० लिटर कूलरमध्ये ओतणं मला जड जात होतं. शेवटी वॉटर प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरायला लागलो. त्यात क्षार जास्त असतात, पॅडवर पांढरा थर लवकर बसतो, म्हणून त्यात निम्मं साधं पाणी मिसळते आणि दर पंधरा दिवसांनी पॅड धुते.

एवढं करूनही संध्याकाळी सात ते अकरा हा वेळ वाईटच जात होता, कारण स्लॅब. आईच्या डोक्यावरच्या छताला थर्मामीटर चिकटवून ठेवला तर रात्री नऊला ४१ डिग्री. बाहेर गॅलरीत तेव्हा २८ होतं आणि पश्चिमेकडून छान वारा सुटलेला. पुण्याच्या उन्हाळ्याची ही मेहेरबानी आहे, दुपारी ३८ असलं तरी पहाटे २१-२२ पर्यंत उतरतं. आणि आम्ही डासांच्या भीतीने संध्याकाळी सहालाच खिडक्या लावून त्या वाऱ्याला बाहेर ठेवत होतो! खिडकीला जाळी बसवून घेतली, वरच्या झरोक्यात एक्झॉस्ट पंखा लावला, आणि सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर आमच्या भागापुरते चुन्याचे दोन हात आणि वर हिरवी शेडनेट टाकली. छत नऊला ३७ वर आलं. कूलरपेक्षा कमी खर्चात झालेलं हे काम मी आधी करायला हवं होतं.

एसी का नाही घेतला, असं बरेच जण विचारतात. आईचे सांधे धरतात आणि तिला बंद दाराआड घुसमटतं, म्हणून. पण कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, हवा दमट असेल आणि परवडत असेल तर एसी घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. हवेतलं पाणी काढून घेणं कूलरला कधीच जमणार नाही.

आणि तो छोटा डबा? तो मी फेकला नाही. त्याच्या तोंडाशी हवा मोजली होती, खोली ३५.४ असताना २८.५. हातभर अंतरावर ३२. चार फुटांवर ३४.६, म्हणजे जवळपास काहीच नाही. त्याचं राज्य हातभर आहे, पण त्या हातभरात तो काम करतो. मुलाच्या टेबलावर, तोंडापासून दीड फुटावर, खिडकी उघडी ठेवून तो ठेवला तर चेहऱ्याला आणि मानेला बरं वाटतं. त्याने सीईटीचा अख्खा मे महिना त्याच्यासमोर काढला. आठ-दहा वॅट वीज खातो, लाइट गेली तर पॉवर बँकेवर चालतो. "टेबलावरचा गार पंखा" म्हणून विकला असता तर माझी काही तक्रार नव्हती. "खोली थंड" असं लिहून घाबरलेल्या माणसांना विकतात, याचा मला राग आहे, कारण त्या विश्वासावर मी आईला त्या खोलीत बंद करून गेले होते.

काल रविवार होता. दोन्ही थर्मामीटर, दोरा आणि वाटी घेऊन वहिनींकडे गेले. बाळाची खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेची, डोक्यावर आणखी दोन मजले. दुपारी अडीचला खोलीत ३२.४, आर्द्रता ४८. खिडकी बंद, तिच्यावर जाड पडदा, आणि आत दोरीवर बाळाची ओली दुपटी वाळत घातलेली. वहिनी म्हणाल्या, ओल्या कपड्यांनी गारवा येतो ना. मी दुपटी उचलून बाहेर गॅलरीत घातली, पडदा काढला, खिडकी आणि दार समोरासमोर उघडलं आणि पंखा चारवर केला. मग आम्ही दोघी चहा करायला गेलो. परत आलो तेव्हा काटा ३२ वर होता आणि आर्द्रता ३१. बाळ पाय वर करून पंख्याकडे बघत पडलं होतं, कपाळ कोरडं. वहिनींनी मोबाइल काढून कार्टमधला कूलर रद्द केला आणि खिडकीच्या जाळीचं माप घ्यायला टेप आणायला आत गेल्या.